रव्याची डबी

“डॉक्टर काही म्हणू देत, ताईंनी डबी वाजवली की विषय संपला,” चपलांच्या मांडणीपाशी एक आई दुसरीला सांगत होती.

मी दाराच्या आतल्या बाजूला मुलांच्या पिशव्या खुंट्यांना अडकवत होते. त्या दोघींना मी दिसत नव्हते. मी बहुतेक वेळा कुणाला दिसत नाही, आणि तशी सोय मी लहानपणापासून करून ठेवलेली आहे.

जिला हे सांगितलं जात होतं ती मनवाची आई. आमच्या खेळघरात नवीन. मनवाला तीन वर्षं पुरी झाली होती आणि ती फार थोडं बोलायची. ‘आई’, ‘दे’, ‘नको’ आणि बाकी तिचे तिलाच कळणारे शब्द. जन्मली तेव्हा कानांची तपासणी झाली होती, ती ठीक होती. आता मुलांच्या डॉक्टरांनी पुन्हा एकदा करून घ्या म्हणून चिठ्ठी दिली होती. येत्या शनिवारची वेळ मिळाली होती. घरात सासूबाई म्हणत होत्या की मनवाचे बाबासुद्धा उशिराच बोलले, त्यात काय एवढं.

“मग मी शनिवारी जाऊ की नको?” मनवाच्या आईने विचारलं.

“आधी ताईंना बघू देत. उगाच पोरीला त्या यंत्राच्या खोलीत नेऊन रडवायचं कशाला?”

मनवाच्या आईचे खांदे थोडे खाली आले. हिंजवडीच्या कंपनीची बस गाठायला ती रस्त्याकडे धावली तेव्हा मला वाटलं, हिला आज रात्री बरी झोप लागावी. ते सोमवारी सकाळी. पुढचे पाच दिवस मला स्वतःला लागली नाही.

कुमुदताईंचं खेळघर कर्वेनगरमधल्या एका जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावर होतं. दोन खोल्या, एक न्हाणीघर आणि पुढे लोखंडी गेट. ताई सत्तरीला टेकलेल्या. सुती साडी आणि तिच्याखाली कॅनव्हासचे बूट, घरात आल्या की जाड मोजे. दिवसातून चाळीस वेळा जमिनीवर बसावं-उठावं लागतं, त्याला चप्पल उपयोगाची नाही, असं त्यांचं म्हणणं. किल्ल्यांच्या जुडग्याला त्यांनी एक घुंगरू बांधलं होतं. आपण कुठल्या खोलीत आहोत ते मुलांना कळावं म्हणून. “मांजराने स्वतःच्या गळ्यात घंटा बांधून घ्यायची असते, उंदरांनी वाट का बघावी?” असं त्या पालकांना सांगत.

मी तिथे मदतनीस म्हणून लागले तेव्हा बालशिक्षणाचा कोर्स नुकताच संपला होता. माझी शाळा कॉन्व्हेंटची. मराठी मला वाचता येतं, लिहिताही येतं, पण एकोणसत्तर आणि एकोणऐंशीमध्ये माझा अजूनही गोंधळ होतो. मुलाखत दाराशी उभ्याउभ्याच झाली.

“मराठी गाणी येतात?” ताईंनी विचारलं.

“नाही.”

“इंग्रजी?”

“येतात. पण मी कुणासमोर म्हणत नाही.”

“म्हणजे मुलांची दोन्हीकडून सुटका झाली. उद्यापासून ये.”

पुढे त्यांनी माझ्या भाषेला ‘इस्त्रीचं मराठी’ असं नाव ठेवलं. आणि दिवसातून दोनदा तरी मला म्हणायच्या, “केतकी, तोंडातल्या तोंडात बोलू नकोस. ओठ हलले म्हणजे बोलणं झालं असं नसतं.” मी मान खाली घालायची. त्या म्हणायच्या, “मान वर. माझ्याकडे बघून बोल.” हे त्या सगळ्यांनाच म्हणायच्या, दोन वर्षांच्या मुलालाही. पालकांना त्याचं फार कौतुक होतं. आमचा मुलगा आता डोळ्यांत डोळे घालून स्पष्ट बोलतो, असं ते एकमेकांना सांगत.

खेळघरात एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात टिमक्या, चिपळ्या, झांजा, लाकडी खुळखुळे, दाबल्यावर टिकटिक करणारा पत्र्याचा बेडूक आणि ताईंनी सायकलच्या घंट्यांपासून केलेली एक सरगम होती. पण सगळ्यात महत्त्वाच्या होत्या त्या डब्या. पूर्वी कॅमेऱ्याचे रोल ज्या काळ्या प्लास्टिकच्या डब्यांतून येत, त्या ताईंनी गल्लीतल्या फोटो स्टुडिओतून मागून आणल्या होत्या. एकूण बारा. दोन डब्यांत राजमा, दोनमध्ये हरभरे, दोनमध्ये साबुदाणा, मग मोहरी, मीठ आणि रवा. झाकणं घट्ट, बाहेरून सगळ्या सारख्या. मुलांनी कानाशी धरून हलवायच्या आणि जोड्या लावायच्या. ताई म्हणत, “राजमा कुणालाही कळतो. रवा कळला की मूल ऐकायला शिकलं.”

धान्य दर वर्षी मे महिन्यात बदललं जाई. रवा मंद आचेवर कोरडा भाजून भरायचा, नाहीतर पावसाळी हवेत त्याला जाळी धरते. हे काम त्या कुणावर सोपवत नसत.

ताईंचा वाद खेळण्यांशी नव्हता, काही विशिष्ट खेळण्यांशी होता. एकदा एका मुलाच्या वाढदिवसाला त्याच्या वडिलांनी खेळघराला एक पियानो भेट दिला. गुलाबी, पट्ट्यापट्ट्यांत दिवे, आणि बटण दाबलं की तो आपला आपण चाळीस गाणी म्हणायचा. वडिलांनी तो मध्यभागी ठेवून सुरू केला. सगळी मुलं जागच्या जागी थांबली आणि दिव्यांकडे बघत बसली. ताईसुद्धा वाकल्या, अगदी कान टेकवतात की काय इतक्या जवळ गेल्या, आणि दोन मिनिटं तशाच राहिल्या. मग टेबलाच्या खणातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, पियानो उलटा केला, सेल काढले आणि त्या गृहस्थांच्या हातावर ठेवले.

“हे तुमचे. खेळणं आम्ही ठेवून घेतो.”

“अहो ताई, त्यात अल्फाबेट्स आहेत, नंबर्स आहेत. अर्ली लर्निंगचं आहे ते.”

“असेल. पण सगळं तेच म्हणतंय, मग शिकतंय कोण?”

ते गृहस्थ हसले, कारण काय करावं ते त्यांना सुचेना. तोवर मुलांनी पियानोचा ताबा घेतला होता. एकजण पट्टी दाबून ‘भूऽ’ करत होता, त्याच्या शेजारचा दुसरी दाबून ‘म्याव’. थोड्या वेळाने त्यांच्यात कुठली पट्टी कुत्र्याची यावरून भांडण झालं, आणि ताई खूश झाल्या.

डबीवर लोकांचा एवढा विश्वास का, याच्यामागे एक जुनी हकिकत होती. ती ताईंनी मला एकदाच सांगितली, ट्रंक आवरता आवरता. खेळघरात एक मुलगा होता. घरचे त्याला हट्टी म्हणायचे, हाक मारली तर येत नाही म्हणून मारायचेही. ताईंनी त्याच्या पाठीमागे बसून डब्या वाजवल्या. उजवीकडे त्याने वळून पाहिलं, डावीकडे नाही. त्यांनी वडिलांना बोलावून सांगितलं. वडील म्हणाले, आमच्या घराण्यात असलं काही नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून मुलाचं येणं बंद झालं. वर्षभराने त्याची आई गेटपाशी आली. आत आली नाही. मुलाच्या कानामागे यंत्र होतं, ते तिने ताईंना लांबूनच दाखवलं.

“मग तुम्ही काय म्हणालात?” मी विचारलं.

“म्हटलं, उशीर केलात.”

“एवढंच?”

“मग काय पेढे वाटू? चौथं वर्ष फुकट गेलं त्या मुलाचं. मोठ्या माणसाचं एक वर्ष गेलं तर तो फक्त म्हातारा होतो. मुलाचं गेलं तर त्यातले शब्दच येत नाहीत, आणि नंतर ते ओढून आणावे लागतात.”

तेव्हापासून नव्या मुलांची जूनमध्ये डबी व्हायची. त्याची एक ठरलेली पद्धत होती. मुलाला एका मोठ्या माणसाच्या मांडीवर, त्याच्याकडे तोंड करून बसवायचं. हातात काहीतरी मऊ, न वाजणारं द्यायचं. ताई मुलाच्या मागे, हातभर अंतरावर. आधी राजमा, मग शेवटी रवा, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. मूल वळलं तर ऐकलं. समोरच्या माणसासाठी नियम एकच होता. नजर मुलाच्या कपाळावर ठेवायची आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही.

माझ्या आधीची मदतनीस बाई काम सोडून गेल्यावर हे मांडीवर घेण्याचं काम माझ्याकडे आलं. मला वाटलं, या जगात माझ्यासाठीच बनलेलं एक तरी काम आहे. चेहऱ्यावर काही दिसू न देणं एवढंच तर मी आयुष्यभर करत आले होते.

सोमवारी दहा वाजता मनवा माझ्या मांडीवर बसली. बाकीची मुलं दुसऱ्या खोलीत होती. मनवाच्या हातात मी कापडी ससा दिला. तिने तो बाजूला ठेवला आणि माझ्याकडे बघायला लागली. इतकं टक लावून माझ्याकडे कुणी बघितलं की मला घाम फुटतो. ताईंनी उजवीकडे राजमा वाजवला. मनवा वळली. डावीकडे हरभरे. वळली. मग ताईंनी पदरातून रव्याची डबी काढली, मनवाच्या डाव्या कानामागे धरली आणि हलवली.

मला आवाज आला नाही.

वर पंखा होता, बाहेर भंगारवाला ओरडत होता. मला वाटलं, आपलंच लक्ष नाही. ताईंचा हात अजून हलत होता, म्हणून मी त्या हाताकडे पाहिलं. क्षणभरच. आणि मनवाने शांतपणे डावीकडे मान वळवली.

“बघितलंस?” ताई म्हणाल्या. “रवा. याच्यापुढे कुठली तपासणी?”

दुपारी मनवाची आई कामातून वेळ काढून रिक्षाने न्यायला आली तेव्हा ताईंनी तिला सांगितलं, “कान तल्लख आहेत तुमच्या मुलीचे. बोलेल. शब्द साठवतेय.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, “मग मी शनिवारचं रद्दच करते, ताई.” ताई म्हणाल्या, “तुमची मर्जी.”

मी ट्रंक आवरायला बसले. रव्याची डबी कानाशी धरून हलवली. काहीच नाही. झाकण उघडलं तर आत रव्याचा एक गोळा झाला होता, पांढऱ्या जाळीने डबीच्या भिंतीला घट्ट चिकटलेला. त्या वर्षी मे महिनाभर ताई मुलाकडे बंगळुरूला होत्या. रवा भाजायचा राहिला होता.

डबी वाजलीच नव्हती, आणि मनवाने मान वळवली होती. का, ते मला लगेच कळलं. ती माझे डोळे बघत होती. मी जिकडे पाहिलं तिकडे तिने पाहिलं.

दुसरी गोष्ट कळायला थोडा वेळ लागला. घरी जाताना, येरवड्याला जायला दोन बस बदलाव्या लागतात, त्यातल्या दुसऱ्या बसमध्ये ती माझ्या अंगावर आली. डबी वाजली नाही हे ताईंनाही कळलं नव्हतं. त्यांनी ती हलवली आणि त्यांना रवा ऐकू आला, कारण तीस वर्षं तो तिथे ऐकू येत होता.

मग एकेक आठवायला लागलं. माझ्याकडे बघून बोल. मान वर कर. त्या नेहमी खिडकीकडे पाठ करून बसायच्या, म्हणजे उजेड समोरच्याच्या चेहऱ्यावर पडायचा. फोन त्या टेबलावर उताणा ठेवायच्या आणि दिवा लागला की उचलायच्या. दारावरची बेल त्यांनी काढून टाकली होती, मुलं दचकतात म्हणून. एकदा किल्ल्यांचं घुंगरू तुटून न्हाणीघराशी पडलं होतं, ते मला सापडेपर्यंत त्या अर्धी सकाळ तशाच वावरल्या होत्या, आणि त्यांना पत्ता नव्हता. आम्ही सगळे ज्याला शिस्त समजत होतो ते दुसरंच काही होतं. मी तोंडातल्या तोंडात बोलते हे खरं आहे. पण किती, हे मला त्या दिवसापासून नक्की सांगता येत नाही.

बसमध्ये मी मनवाच्या आईला मेसेज लिहायला घेतला. इंग्रजीत, कारण घाबरले की मला इंग्रजी सुचतं. तीन ओळी लिहिल्या आणि पुसल्या. ताईंना न सांगता पालकांना सांगायचं म्हणजे काय होईल ते मला दिसत होतं. उद्या सकाळी चपलांच्या मांडणीपाशी सगळ्यांना कळलेलं असणार. आणि सांगायचं तरी काय? मनवाला ऐकू येत नाही, हे कुठे सिद्ध झालं होतं? राजम्याला ती वळली होती. की तेव्हाही माझ्याकडे बघूनच? तेव्हा मी कुठे पाहिलं होतं, हे मला आठवेना.

मंगळवारी मी मनवाच्या मागे उभं राहून चमचा कपावर वाजवला. ती वळली. मग लक्षात आलं की माझी सावली तिच्या पुढ्यात पडली होती. बुधवारी सावली पडणार नाही असं उभं राहून मोहरीची डबी हलवली. ती वळली नाही. पण ती ठोकळे रचत होती, आणि ठोकळे रचताना आमच्याकडे कुणीच वळत नाही. मी पुन्हा हलवली. तिच्या समोर बसलेल्या मुलीने वर पाहिलं, आणि त्या मुलीकडे बघून मनवा वळली. माझ्याकडे बघून हसली. ती सगळ्यांचे चेहरे वाचत होती. मी करते तेच. मला तिची भीती वाटायला लागली.

गुरुवारी ताई मला म्हणाल्या, “चार दिवस झाले तुझ्या घशात काहीतरी अडकलंय. गिळ नाहीतर टाकून दे.”

मी म्हटलं, “काही नाही, ताई.”

हे मात्र मी अगदी स्पष्ट, त्यांच्याकडे बघून म्हटलं.

शुक्रवारी सकाळी मनवाला सोडताना तिची आई मला सहज म्हणाली, “त्या दवाखान्याचा फोनच लागत नाही हो. परवापासून प्रयत्न करतेय. आज दुपारी लागला की रद्द करून टाकते, उगाच कुणा गरजूची वेळ अडायला नको.”

मी मान हलवली. ती गेली. साडेदहाला मुलं डबे खायला बसली. ताई न्हाणीघराच्या दाराशी बेसिनवर पेले विसळत होत्या, पाठमोऱ्या. मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले.

“ताई, सोमवारी रव्याची डबी वाजली नव्हती.”

त्या पेले विसळत राहिल्या. मला वाटलं, राग आला. मी पुन्हा म्हटलं, “मनवाने माझ्याकडे बघून मान वळवली.” त्यांनी एक पेला उपडा ठेवला आणि दुसरा घेतला. तेव्हा मला उमगलं की त्या रागावलेल्या नाहीत.

मी पुढे होऊन नळ बंद केला. त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मी खिशातली डबी काढून त्यांच्या ओल्या हातावर ठेवली आणि तेच सगळं परत सांगितलं, मोठ्याने, त्यांच्या चेहऱ्याकडे बघून. मुलं खाता खाता थांबली.

ताईंनी डबी हलवली. एका कानाशी, मग दुसऱ्या. मग झाकण काढून आतली जाळी बोटाने दाबून पाहिली. त्यांनी ट्रंकेतून रव्याची दुसरी डबी मागवली आणि तीही हलवली.

“ही वाजतेय?” त्यांनी मला विचारलं.

“थोडी. ऐकू येतेय.”

त्यांनी ती पुन्हा कानाशी नेली. बराच वेळ. मग खाली ठेवली.

“सोमवारी तू कुठे बघत होतीस?”

“तुमच्या हाताकडे. चुकून.”

“आणि ती?”

“माझ्याकडे.”

“म्हणजे तिघींमध्ये नक्की ऐकणारी तू एकटी,” ताई म्हणाल्या, “आणि तू चार दिवस गप्प.”

त्यांनी पदराने हात पुसले, घड्याळ पाहिलं. “बारा वाजता तिच्या आईला मी सांगते. तू माझ्या शेजारी उभी राहा.” मग मुलांकडे वळून म्हणाल्या, “काय बघताय रे? पोळी आपल्या तोंडात घालायची असते, माझ्या तोंडाकडे बघायचं नसतं.” मुलं पुन्हा खायला लागली. पण बारापर्यंत ताई एकदाही जमिनीवर बसल्या नाहीत.

मनवाचं पुढे जे निघालं ते त्या शनिवारी आणि नंतरच्या दोन खेपांमध्ये निघालं. जाड आवाज तिला पोचत होते, बारीक नाही, दोन्ही कानांनी. आता तिला यंत्रं आहेत आणि ती चिडली की ती काढून ठेवते. ताईंनी ते वर्ष कसंबसं पुरं केलं आणि पुढच्या जूनमध्ये मुलं घेतली नाहीत. ट्रंक मला दिली, आणि त्या बंगळुरूला मुलाकडे गेल्या. त्या जाताना मी भेटायला गेले होते, पण ती भेट मला नीट आठवत नाही, सामानाचीच गडबड होती. ताई म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर येतं ते त्या शुक्रवारचं बारा वाजताचं गेट.

ऊन होतं. पाच-सहा आया, एक आजोबा, दोन रिक्षा. ताई मोज्यांवरच बाहेर आल्या होत्या, बूट घालायचे राहिले होते. एक हात गेटच्या कडीवर. शुक्रवारी मनवाच्या आईचं काम घरून असे, ती वेळेवर आली. ताईंनी तिला बाजूला घेतलं नाही. आत या म्हणाल्या नाहीत. जिथे सोमवारी शाबासकी दिली तिथेच उभ्या राहून, शिकवताना लावायच्या त्याच आवाजात त्या म्हणाल्या, “उद्याची वेळ रद्द केलीत?”

“नाही ताई, फोन लागत नाहीये. आता घरी जाऊन—”

“करू नका. उद्या जा. सोमवारी मी जी डबी वाजवली ती खराब झालेली होती, वाजत नव्हती. मी तुम्हाला जे सांगितलं ते खरं धरू नका. कदाचित काही नसेल. पण बघून घ्या, आणि उद्याच.”

बोलणाऱ्या आया थांबल्या. आजोबांनी नातवाचा हात धरला होता, तो तसाच राहिला.

मनवाची आई खाली बसून मनवाच्या सँडलचा पट्टा लावत होती. तो लागला तरी ती उठली नाही. तिने सँडलकडेच बघत, अगदी हळू आवाजात काहीतरी विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच समजून घ्यायचं होतं. तिने विचारलेलं मला ऐकू आलं, शेजारच्या दोघींनाही. एकीने चटकन दुसरीकडे पाहिलं.

ताईंना तिचा चेहरा दिसत नव्हता. त्यांनी एकेकीकडे पाहिलं. गेटपाशी काहीतरी बदललंय एवढं त्यांना त्या चेहऱ्यांवरून कळलं, पण काय, ते कळलं नाही. मी त्यांना इतकं एकटं कधी पाहिलं नव्हतं. मग त्या माझ्याकडे वळल्या.

“काय म्हणाल्या?”

किती वाजता जायचं विचारतायत, असं मी म्हणू शकले असते. काही नाही, असंही. ते तर मला चांगलं जमतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मनवासुद्धा, मान वर करून, माझ्या तोंडाकडे.

मी ताईंच्या समोर जाऊन उभी राहिले, उजेड माझ्या चेहऱ्यावर येईल अशी.

“त्या विचारतायत, ताई,” मी मोठ्याने म्हणाले, “तुम्हाला ऐकू येत नाही का?”